शून्यवारी हरवलेले अभ्रे

माझ्या मोठ्या जावेला हॉस्पिटलात सगळे मोजणीबाई म्हणतात आणि तिला त्याचा राग येत नाही. यायचं कारणही नाही. जिना चढताना ती पायऱ्या मोजते, शेजारच्यांच्या शिंका मोजते, आणि माझ्या लग्नात मी किती जांभया दिल्या हे तिने मला दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाबरोबर सांगितलं होतं. अकरा. नव्या नवरीशी बोलायला तिला तेवढाच विषय सुचला, आणि माझी तिच्याशी तिथेच गट्टी जमली.

तेवीस वर्षं ती त्या हॉस्पिटलाच्या लिनन रूममध्ये आहे. तळमजल्यावरची लांबट खोली, तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, त्यांवर दहा-दहाचे गठ्ठे करून ठेवलेल्या चादरी, टॉवेल आणि उशांचे अभ्रे. सकाळी सहा वॉर्डांना स्वच्छ कपडे द्यायचे, संध्याकाळी मळके परत घ्यायचे, किती दिले आणि किती आले ते लिहायचं. काम एवढंच, पण ते तिच्यासाठीच बेतून शिवल्यासारखं होतं.

त्या खोलीच्या दारावर एका सोमवारी नोटीस लागली. हॉस्पिटलच्या व्यवस्थापक साहेबांनी साठा तपासला होता आणि गेल्या सात महिन्यांत चारशे बारा अभ्रे गायब झाले होते. म्हणून येत्या एक तारखेपासून घरी जाताना वॉर्डातल्या सगळ्या आया, सफाईवाल्या आणि लिनन रूममधल्या बायकांच्या पिशव्या फाटकावर उघडून तपासल्या जातील. खाली साहेबांची सही, जाड निळ्या शाईत.

जाऊबाई तशीच वर साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, या बायकांच्या पिशव्यांत डबा असतो, छत्री असते. कोणाच्या औषधाच्या गोळ्या असतात. ते सगळं फाटकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर उघडायचं?"

"बाई, चारशे बारा अभ्रे पाय फुटून गेले का?"

"कुठे गेले ते मी सांगते. एक तारखेपर्यंत वेळ द्या."

"कसं सांगणार?"

"मोजून," ती म्हणाली आणि बाहेर आली. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की मोजायचं कसं हे तिला अजिबात माहीत नाही.

तसे आकडे तिच्याकडे भरपूर होते. दोन वर्षांच्या नोंदी तिने एक बोट वापरून कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. सहा वॉर्ड, सातशे तीस दिवस, म्हणजे चार हजार तीनशे ऐंशी ओळी. पण ओळी नुसत्या वर-खाली सरकवून काय कळणार? संध्याकाळी ती माझ्याकडे आली (आम्ही एकाच इमारतीत, ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या) आणि माझ्या स्वयंपाकघरातून तिने मुलीला फोन लावला. तिची मुलगी दूरच्या शहरात समुद्रातले मासे मोजते. खरंच. पगार घेऊन. हे आईकडून आलंय याबद्दल कोणाला शंका नाही.

"आई, यात काय एवढं? कोड लिही," मुलगी म्हणाली. "पायथन शिक. मी एका फुकट कोर्सची लिंक पाठवते. डेटा ॲनालिसिस, अगदी पहिल्यापासून."

"चोपन्नाव्या वर्षी?"

"मासे मोजायला मी शिकले, अभ्रे मोजायला तू शिक. ते निदान हलत नाहीत."

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझा लॅपटॉप शिकणाऱ्यांच्या वेळा लिहून ठेवण्यापुरता असतो, तो मी तिला दिला. दुसऱ्या दिवसापासून पाच वाजले की ती माझ्या जेवणाच्या टेबलापाशी हजर. कोर्समधला मास्तर पडद्याच्या कोपऱ्यात एका गोलात दिसायचा. त्याचं दाढी-मिशांत झाकलेलं तोंड हलायचं, एक ओळ लिहून व्हायची, आणि दर ओळीनंतर तो म्हणायचा, "सोप्पं आहे ना?" त्याच्याकडे फुलांच्या पाकळ्यांची मापं होती. तो एक बटण दाबायचा आणि पाकळ्या गुपचूप रांगेत उभ्या राहायच्या. आम्ही त्याचं नाव सोपेमास्तर ठेवलं.

जाऊबाईचं सगळं नीटनेटकं असतं. तिने मास्तरची प्रत्येक ओळ आधी पत्रं टाइप करायच्या प्रोग्राममध्ये एका स्वच्छ पानावर टाइप करून घेतली, मथळे अधोरेखित केले, आणि मग तिथून उचलून कोडच्या चौकटीत डकवली. पहिला धडा होता पडद्यावर 'नमस्कार' उमटवायचा. तिने बटण दाबलं. नमस्काराऐवजी लाल अक्षरांच्या चार ओळी आल्या.

"अगं धाकटे, हा माझ्यावर ओरडतोय."

"कोण?"

"लॅपटॉप! मी नमस्कार म्हटलं आणि हा अंगावर आला."

मी वाकून पाहिलं. मला गाडीच्या इंजिनातलं थोडं कळतं, यातलं शून्य. तिने डोकं शांत ठेवलं आणि त्या लाल ओळी खालून वर वाचायला लागली. असं का, मी विचारलं.

"वॉर्डात तेवीस वर्षं ऐकतेय मी. पेशंट आधी जेवण सांगतो, झोप सांगतो, जावयाबद्दल सांगतो. खरं दुखणं सांगतो ते डॉक्टर दारापाशी पोचल्यावर. हाही तसाच असणार. शेवटची ओळ वाचायची."

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की एक अक्षर चुकीचं आहे, आणि ते अक्षरही दाखवलं होतं. अवतरणचिन्ह. तिने मास्तरचं पाहिलं, स्वतःचं पाहिलं. दोन्ही सारखीच. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तिथून उचलून डकवलं, पुन्हा लाल. दोन दिवस हेच. नमस्कार म्हणायला दोन दिवस! तिसऱ्या दिवशी भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, चष्म्याच्या दुकानातून आले ते सरळ वर आमच्याकडेच. ते तिथे काचा घासतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागावर पोट भरणारा माणूस. खिशातलं छोटं भिंग काढून त्यांनी ते पडद्याला लावलं आणि एक डोळा मिटला.

"ही वाकडी आहेत," ते म्हणाले.

"काय वाकडं?"

"तुझी चिन्हं. याची सरळ उभी आहेत, काडीसारखी. तुझी बघ, शेपटी वळलेली."

ती उडालीच. तिचं ते स्वच्छ पान! नीटनेटकेपणाच्या भरात ते पान आपणहून अवतरणचिन्हांना शेपट्या फोडत होतं. वर प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षरही मोठं करून ठेवत होतं. तिने पान बंद केलं, चिन्हं हाताने टाइप केली, पहिलं अक्षर लहान केलं आणि बटण दाबलं.

'नमस्कार.'

"अहो, नमस्कार!" ती पडद्याला म्हणाली आणि तिने खरोखर हात जोडले. भाऊजींनीही जोडले. मी गॅसवर दूध ठेवून आले होते, ते उतू गेलं.

त्यानंतर आमच्या घरात एक प्रकारचं वेड शिरलं असं म्हणायला हवं. माझा नवरा संध्याकाळी आला की आधी विचारायचा, "आज काय म्हणतोय लाल?" भाऊजी दुकानातून दुपारी फोन करायचे, "झालं का ते कॉलमचं?" मी गाडी शिकवताना मागच्या सीटवर वही ठेवायला लागले, कारण जाऊबाईने सुट्टीत फोन केला तर लिहून घ्यायला काहीतरी हवं. एकदा शिकणाऱ्या मुलीने चौकात गाडी बंद पाडली आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घाबरू नकोस. आमच्याकडे नमस्कार दोन दिवस बंद पडला होता." तिला काय कळलं कोण जाणे, पण गाडी सुरू केली तिने.

पाचव्या दिवशी जाऊबाईने मास्तरच्या पाकळ्या बाजूला ठेवल्या आणि आपले अभ्रे उघडले. फाइल वाचली गेली. पहिल्या पाच ओळी पडद्यावर आल्या, तारीख, वॉर्ड, 'दिले', 'आले'. तिचे स्वतःचे आकडे, तिने एका बोटाने घातलेले! ती खुर्चीत बसल्या बसल्याच थोडी उसळली. मग तिने सांगितलं, 'आले' हा कॉलम दाखव.

लाल.

तिने शेवटची ओळ वाचली. "की-एरर म्हणतो. आले."

"कसली की?"

"किल्ली असेल. मी कुठे मागितली किल्ली?" तिने पुन्हा वाचलं. "हा म्हणतोय 'आले' नाहीच."

"पण समोर तर दिसतंय, आले."

"तेच म्हणते मी! मी म्हणते आले, तो म्हणतो नाही आले. अरे, डोळ्यांसमोर आले!"

माझा नवरा बाहेरच्या खोलीतून धावत आला. "कोण आलं?"

त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की बोलता येईना. तो बिचारा दार उघडून जिन्यात डोकावून आला, कोणी नाही. परत आला तर आम्ही टेबलावर डोकी टेकून थरथरतोय. त्याने ग्लासात पाणी ओतून समोर ठेवलं आणि तो निघून गेला.

हसणं ओसरल्यावर तिने काम हातात घेतलं. मास्तरने एक युक्ती सांगितली होती, सगळ्या कॉलमांची नावं छापून बघायची. तिने छापली. प्रत्येक नाव अवतरणचिन्हांच्या कुंपणात आलं. 'तारीख' कुंपणाला चिकटून, 'वॉर्ड' चिकटून, 'दिले' चिकटून. 'आले' आणि शेवटचं चिन्ह यांच्या मधे मात्र एक बारीक फट.

"जागा आहे," ती हळूच म्हणाली. "एक रिकामी जागा. टाइप करताना अंगठा पडला असणार माझा."

दोन वर्षं तो अंगठा तिथे बसून होता. तिने ती फट काढली आणि 'आले' एकदाचे आले. वरपासून खालपर्यंत, सगळे.

आता बेरीज. एकूण दिले किती? मास्तर म्हणाला एकच शब्द लिहा, सोप्पं आहे ना. तिने लिहिला. पडदा भरला. मी थट्टा करत नाही, अख्खा पडदा आकड्यांनी भरला, खाली सरकवला तर पुढचाही, त्याच्या पुढचाही. आठ हजारांच्यावर अंकांची एकच संख्या.

भाऊजी त्या दिवशी घरी होते. त्यांनी चष्मा पुसला. "एवढे अभ्रे?"

"एवढ्या उशा जगात नाहीत," मी म्हटलं.

"एवढी डोकी नाहीत," जाऊबाई म्हणाली.

ती तेवढ्यावर थांबली नाही. तिने ती संख्या सुरुवातीपासून बोटाने वाचायला घेतली. चोवीस, तीस, अठरा, बावीस. "अहो, हे तर माझेच आकडे! पहिल्या दिवशी पहिल्या वॉर्डला चोवीस, दुसऱ्याला तीस. याने बेरीज केलीच नाही. नुसते एकापुढे एक चिकटवलेत, मण्यांसारखे." म्हणजे लॅपटॉपला ते आकडे वाटतच नव्हते, अक्षरं वाटत होती. का? मास्तर पुढच्या धड्यात सांगतो म्हणाला, पण तिला पुढच्या धड्याची गरज पडली नाही. ती सरकवत राहिली, अंक, अंक, अंक, आणि त्या आठ हजार अंकांच्या महापुरात मधेच, साळसूदपणे, उभा होता 'सोळा'. अक्षरात लिहिलेला. एवढ्या एका सोळामुळे लॅपटॉपने सगळ्या कॉलमला अक्षरं समजून घेतलं होतं.

"कोणी लिहिला हा गाढवपणा?" असं म्हणत तिने तारीख काढली. मग तोंडावर हात. "मीच. त्या दिवशी पोरीची नोकरी पक्की झाली. तिच्याशी फोनवर बोलत बोलत टाइप केलं होतं मी."

सोळाचे १६ केले. बेरीज आली, एका ओळीत मावणारी, शहाणी. तिने लगेच 'दिले'मधून 'आले' वजा केले. गेल्या सात महिन्यांचे काढले. चारशे बारा. साहेबांचा आकडा आणि तिचा आकडा तंतोतंत एक! भाऊजींनी टाळी वाजवली, माझ्या नवऱ्याने आतून विचारलं, "आता कोण आलं?", आणि जाऊबाईने उठून माझे दोन्ही हात धरून मला स्वयंपाकघरात गिरकी दिली. ती चोपन्न, मी अठ्ठेचाळीस, आणि मधे फ्रिज.

पुढच्या मंगळवारी तिने वारांचा हिशोब मांडला. कोणत्या वारी किती अभ्रे कमी येतात? मास्तरकडे त्यालाही एक शब्द होता. तारखेवरून तो वाराचा क्रमांक काढायचा आणि क्रमांकानुसार उभ्या पट्ट्या रंगवायचा. बटण दाबल्यावर निळ्या पट्ट्या उगवल्या, सगळ्या बोटभर. एकच भिंतीसारखी उंच. तिच्याखाली लिहिलं होतं ५.

मी घरात नव्हते तेव्हा. रात्रीचं जेवण करायच्या वेळी मी परत आले तर लॅपटॉप बंद करून ती निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी पाच वाजले, ती आली नाही. सहा वाजले. मी खाली गेले. ती खिडकीपाशी बसली होती आणि समोर घडी न केलेल्या कपड्यांचा ढीग होता. तिच्या घरात!

"काय झालं, जाऊबाई?"

"काही नाही."

"वारांचं झालं का?"

"झालं." ती बाहेर बघत राहिली. "पाचवा वार. सोमवार एक, मंगळवार दोन. पाच म्हणजे शुक्रवार."

"मग?"

"शुक्रवारी ट्रॉलीवाल्याची सुट्टी असते. त्या दिवशी मळके कपडे गोळा करते बुटकी."

बुटकी म्हणजे चौथ्या वॉर्डातली आया. हॉस्पिटलातली सगळ्यात उंच बाई, दारातून जाताना मान वाकवते, म्हणूनच तिचं नाव बुटकी पडलं. जाऊबाईची एकोणीस वर्षांची मैत्रीण. दोघी रोज एकाच डब्यात जेवतात. भाऊजींचं ऑपरेशन झालं तेव्हा बुटकी सहा दिवस त्यांच्या पलंगाशी बसली होती.

"आज ती फाटके अभ्रे शिवायला माझ्या खोलीत आली," जाऊबाई म्हणाली. "मी गठ्ठे लावत होते. म्हणाली, तू आज मोजत का नाहीस गं? ओठ हलत नाहीयेत तुझे. मी म्हटलं, घसा दुखतोय." तिचे डोळे भरून आले. "मनातल्या मनात मोजायला घसा लागतो का? तिनेही विश्वास ठेवला. मिठाचं गरम पाणी आणून दिलं मला."

साहेबांना आठ दिवसांनी काय सांगायचं, ते मला कळेना. मी म्हटलं, "मला एकदा दाखवा तरी." ती नको नको म्हणत वर आली. मी लॅपटॉप उघडला. गाडी शिकवणाऱ्याला एक सवय असते. शिकणारा समोर बघतो, आपण आरसे बघायचे, कडेला काय चाललंय ते बघायचं. ती त्या उंच पट्टीकडे बघत होती. मी कडेला बघितलं.

"जाऊबाई, हा शून्य कुठला वार?"

"कुठला शून्य?"

"हा, डावीकडचा पहिला. याच्यावरही पट्टी आहे. शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. शून्यवार कधी असतो?"

"ती काहीतरी रद्दी असेल. तारीख नसलेल्या ओळी." मग ती थांबली. "पण तारीख नसलेली एकही ओळ नाही माझ्याकडे." तिने पट्ट्या मोजल्या. सात. पुन्हा मोजल्या. ओठ हलायला लागले होते. "सात पट्ट्या आहेत आणि सातवा वार नाही. सहावरच संपतंय. म्हणजे हा... धाकटे, हा शून्यापासून मोजतो!"

"शून्यापासून कोण मोजतं?"

"हा मोजतो! सोमवार शून्य!" तिने बोटं धरली. सोमवार शून्य, मंगळवार एक, बुधवार दोन, गुरुवार तीन, शुक्रवार चार. चारची पट्टी बोटभर होती, इतरांसारखीच गरीब. "पाच म्हणजे शनिवार. शनिवार! शनिवारी बुटकीची सुट्टी असते. हॉस्पिटलातच नसते ती!"

खात्री करायला तिने त्या दिवसाची तारीख घालून पाहिली. बुधवार होता. उत्तर आलं दोन. ती खुर्चीवरून उठली, बसली, परत उठली आणि तशीच चपला न घालता जिन्याकडे धावली. मी मागे. "कुठे निघालात?"

"बुटकीकडे! तिला सांगायला, तू चोर नाहीस म्हणून!"

"अहो, पण तिला कुठे माहीत आहे की ती चोर होती?"

ती कठड्याला धरून थांबली. मग तिथेच पायरीवर बसून हसायला लागली. हसता हसता रडली, मग परत हसली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भाजी घेऊन येत होते, ते कडेकडेने, अंग चोरून वर गेले. सव्वीस पायऱ्या आहेत, तिने मला सांगितलं, आणि आपण तेराव्या पायरीवर बसलोय.

शनिवारी दुपारी बारा वाजता ती हॉस्पिटलच्या मोठ्या दाराशी जाऊन उभी राहिली. शुक्रवारी संध्याकाळी मोठे डॉक्टर फेरी मारतात आणि बऱ्या झालेल्यांना शनिवारी घरी सोडतात, हे तिला माहीत होतंच. फक्त तिने ते दारातून कधी पाहिलं नव्हतं, तिची खोली मागच्या बाजूला. पहिला निघाला पायाला प्लास्टर असलेला एक शिक्षक, त्याच्या मुलीच्या खांद्यावर गाठ मारलेलं पांढरं बोचकं. त्यातून चप्पल डोकावत होती. मग एक बाळंतीण, बरोबर आई, आईच्या हातात पांढरं बोचकं. मग एक आजोबा, बोचकं स्वतःच पोटाशी धरलेलं, वर थर्मासचं झाकण. सगळी बोचकी एकाच मापाची, एकाच शिवणीची, कडेला हॉस्पिटलचा निळा शिक्का.

अभ्रे! तिचे अभ्रे, हसत हसत, उघड्या दाराने, दिवसाढवळ्या घरी निघाले होते. दोन वाजेपर्यंत तिने तेरा मोजले.

तिने वॉर्डातल्या सिस्टरला गाठलं. सिस्टर म्हणाली, "मग काय करू, ताई? माणसं घाईत दाखल होतात, रिकाम्या हाताने. जाताना कपडे, गोळ्या, एक्स-रे, सगळं कशात न्यायचं? आधी आपण पिशवी द्यायचो. ती बंद झाली. काहीतरी द्यावं लागतं. म्हणतात, परत आणून देऊ. घरी गेल्यावर कोणाला आठवतंय?"

"पिशवी कधी बंद झाली?"

"झाले की सहा-सात महिने."

त्या संध्याकाळी तिने महिन्यांच्या पट्ट्या काढल्या. यावेळी लाल ओळी तीनदा आल्या. एकदा कंस बंद करायचा राहिला, एकदा फाइलचं नाव चुकलं, एकदा तर मीच मधे कोपर टेकवलं. तिन्ही वेळा ती गुणगुणत होती. पट्ट्या उगवल्या. सतरा महिने जमिनीलगत, आणि अठराव्यापासून सगळ्या एकदम ताडमाड. तिने ऑफिसातून पिशव्या बंद करण्याच्या हुकुमाची तारीख मागवली. अठरावा महिना, तारीख एक. खाली सही, जाड निळ्या शाईत.

साहेबांकडे ती एकटी गेली नाही. बुटकीला बरोबर नेलं, लॅपटॉप धरायला, असं ती म्हणाली. बुटकीने दारातून मान वाकवून आत येऊन लॅपटॉप टेबलावर ठेवला. साहेबांनी वारांची पट्टी पाहिली, महिन्यांची पाहिली. मग हुकुमाचा कागद पाहिला.

"बाई, हे तुम्ही केलंत?"

"हो साहेब. आधी चुकलं होतं, एका वाराने. मग दुरुस्त केलं."

"आता तर चुकलं नाही ना?"

"शनिवारी दुपारी दारात उभे राहा. बोचकी मोजा."

साहेबांनी चष्मा काढला. चेहरा गुलाबी व्हायला लागला होता. "मोजायची गरज नाही," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात आमच्या सासूबाईंना इथून घरी नेलं. आमच्या बाल्कनीत एक पांढरं... बायको त्यात कांदे ठेवते."

बुटकी सहा फुटांवरून खो-खो हसली. मग जाऊबाई, मग शेवटी साहेबसुद्धा, रुमाल तोंडाला लावून. बाहेर बसलेल्या शिपायाने दार उघडून पाहिलं आणि परत लावून घेतलं.

फाटकावरच्या तपासणीची नोटीस त्याच दिवशी उतरली. साहेबांनी ती स्वतः काढली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. जाड कागदाच्या पिशव्या पुढच्या आठवड्यात आल्या. घरी गेलेल्या पेशंटना हॉस्पिटलने साध्या चार ओळींचं पत्र पाठवलं, अभ्रा परत आणून दिलात तर आभारी राहू. महिन्याभरात दोनशे एकोणसत्तर अभ्रे परत आले. काही इस्त्री करून, काहींत भाजी, एकात बाळाचा फोटो, मागे लिहिलेलं की मुलगी आता साडेपाच किलोची आहे. कांद्यांचा अभ्रा साहेबांनी स्वतः आणला.

जाऊबाईने बुटकीला ते शुक्रवारचं प्रकरण सांगितलं. मी म्हटलं होतं, कशाला सांगता? पण तिला राहवलं नाही. बुटकीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वेळ होते मी चोर?"

"मंगळवार संध्याकाळ ते बुधवार संध्याकाळ. चोवीस तास."

"आणि तेवढ्यात मी तुला मिठाचं पाणी आणून दिलं?"

"हो."

"मग चोवीस दिवस डब्यातला मोठा वाटा माझा," बुटकी म्हणाली, आणि तिने तो मोजून घेतला.

कोर्स जाऊबाईने पुरा केला. शेवटच्या धड्यानंतर तिने स्वतःच्या मनाने एक प्रोग्राम लिहिला. रोजच्या नोंदी त्यात घातल्या की सहाही वॉर्डांचा आठवड्याचा तक्ता आपोआप तयार व्हावा, असा. एकशे आठ ओळी. एका रविवारी सकाळी आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो, भाऊजी भिंगासकट, आणि तिने बटण दाबलं. तक्ता आला. पहिल्याच फटक्यात, एकही लाल अक्षर नाही.

आम्ही टाळ्या वाजवल्या. ती मात्र पांढरी पडली.

"हे शक्य नाही," ती म्हणाली. "काहीतरी लपवतोय हा."

आणि दुपारी दोन वाजेपर्यंत ती ओळ न् ओळ तपासत बसली. पहिल्या वॉर्डची बेरीज कागदावर केली, दुसऱ्याची केली, आम्हालाही एकेक वॉर्ड वाटून दिला. जेवण टेबलाच्या कोपऱ्यावर झालं. सहाही वॉर्ड बरोबर निघाले. कुठे काही सापडलं नाही. तेव्हा कुठे ती खुर्चीत मागे रेलली, पाय लांब केले आणि स्वतःशीच, अगदी हळू, म्हणाली, "अगं बाई, जमलं की मला."